तळटीप : गाब्रिएल गार्सिया मार्केस
* स्पॅनिश शब्दाच्या शेवटी स्वर, ‘न’ किंवा ‘स’ असेल तर आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो, एरवी शेवटच्यावर. आघात याहून वेगळा असला की त्या स्वरावर तिरकी रेघ देतात. ‘गाब्रिएल’मध्ये शेवटी ‘ल’, म्हणून जोर ‘ब्रिएल’वर. ‘मार्केस’च्या शेवटी लिहिताना ‘झेड’ येते (कोलंबियात उच्चार ‘स’च), म्हणून ‘मा’वर रेघ. खरी गंमत ‘गार्सिया’त. रेघ नसती तर ‘इ’ आणि ‘आ’ एकाच अक्षरात मिसळून जोर ‘गार्’वर गेला असता, ‘ई’वरच्या रेघेने ही जोडी फुटते : गार्-सी-आ. आपल्याकडे रुळलेले ‘मार्क्वेझ’ इंग्रजी वळणाचे आहे; या आवृत्तीत ते टाळले आहे. — संपा.