नेक्रोपोटेन्स (मॅजिकमधील पान)

नेक्रोपोटेन्स हे 'मॅजिक: द गॅदरिंग' या संग्राह्य पत्त्यांच्या खेळातील काळ्या रंगाचे एक पान आहे. ते १९९५ साली 'आइस एज' या संचातून प्रथम प्रकाशित झाले. त्यावरील चित्र मार्क टेडिन यांचे आहे. आरंभी हे पान निरुपयोगी मानले गेले. पुढे १९९६ च्या स्पर्धांत त्याने असे वर्चस्व मिळवले की त्या हंगामास खेळाडू 'ब्लॅक समर' म्हणजे 'काळा उन्हाळा' म्हणू लागले. दुर्लक्षित पानाचा योग्य उपयोग कसा करावा, याचे ते प्रसिद्ध उदाहरण आहे.

खेळाची पार्श्वभूमी

रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला हा खेळ विझार्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकन संस्थेने १९९३ साली बाजारात आणला. नेहमीच्या पत्त्यांप्रमाणे येथे सर्वांसाठी एकच जोड नसतो. प्रत्येक खेळाडू आपल्या संग्रहातून किमान ६० पानांची स्वतःची गड्डी बांधून आणतो. मूलभूत भूमीची पाने वगळता एकाच नावाची चारपेक्षा अधिक पाने तीत ठेवता येत नाहीत. आरंभी खेळाडूजवळ २० जीवनगुण व हातात ७ पाने असतात. प्रत्येक पाळीस गड्डीतून एक पान उचलले जाते. भूमीच्या पानांपासून मिळणारे मंत्रबल, म्हणजे मॅना, खर्चून इतर पाने खेळली जातात. जीवनगुण शून्यावर आले की खेळाडू हरतो.

पानाचा परिणाम

नेक्रोपोटेन्स खेळण्यास काळ्या रंगाचे तीन मॅना लागतात. ते 'एन्चांटमेंट' या प्रकारचे आहे, म्हणजे एकदा खेळल्यावर ते पटावर टिकून राहते. त्याचे परिणाम पुढीलप्रमाणे आहेत:

१. पानाच्या मालकास पाळीच्या आरंभी नेहमीचे पान उचलता येत नाही.
२. त्याने हातातून टाकून दिलेले पान डावातून कायमचे बाद होते.
३. एक जीवनगुण देऊन गड्डीवरील सर्वांत वरचे पान बाजूला ठेवता येते. ते पाळीच्या अखेरीस हातात येते. असे कितीही वेळा करता येते.

आरंभीची उपेक्षा

हा मजकूर प्रथम वाचणाऱ्यास त्यात तोटेच दिसत. फुकट मिळणारे पान बंद होते, टाकलेले पान परत मिळण्याची आशा उरत नाही आणि प्रत्येक नव्या पानासाठी स्वतःचे जीवन द्यावे लागते. त्यावर मिळणारे पानही लगेच वापरता येत नाही. जीवनगुण जपून ठेवावयाचे असतात, ही समजूत त्या काळी दृढ होती.

या समजुतीत एक चूक होती. २० गुण असलेला खेळाडू आणि १ गुण उरलेला खेळाडू यांच्या पाने खेळण्याच्या सामर्थ्यात काहीही फरक नसतो. शेवटचा गुण जाईपर्यंत दोघेही डावात असतात. म्हणून जीवनगुण हे निव्वळ रक्षणीय धन नसून खर्च करण्याजोगे भांडवलही ठरते. पाळीस एक पान मिळण्याच्या खेळात एका पाळीत तीन-चार पाने मिळवणाऱ्याचा लाभ मोठा असतो.

उपयोगाची रीत

हे पान एकाकी खेळून फारसे साधत नाही. खर्ची पडलेले जीवन भरून काढणारी व प्रतिस्पर्ध्याचा वेग रोखणारी पाने गड्डीत असावी लागतात.

डार्क रिचुअल: हे पान एका काळ्या मॅनाचे तीन करते. त्यामुळे एकच भूमी असतानाही पहिल्या पाळीत नेक्रोपोटेन्स खेळता येते. त्यानंतर हातात चार पाने उरली असल्यास तीन गुण देऊन हात पुन्हा सात पानांचा होतो.

ड्रेन लाइफ: यात घातलेल्या काळ्या मॅनाच्या प्रमाणात हानी होते व हानीइतके जीवन मालकास मिळू शकते. एक गुण देऊन मिळवलेले हे पान अनेक गुण परत आणते.

आयव्हरी टॉवर: हातात चारांहून जितकी पाने अधिक, तितके जीवनगुण पाळीच्या आरंभी मिळतात. सात पाने असल्यास तीन गुण मिळतात.

नेव्हिनिराल्स डिस्क: पटावरील प्राणी, कलावस्तू व एन्चांटमेंट एकदम नष्ट करते. प्रतिस्पर्ध्याने पट भरला असता ही चकती उपयोगी पडते. नेक्रोपोटेन्सही तिच्यासवे नष्ट होते. पण जीवनगुण संपत आले असतील तर तेही हिताचेच असते, कारण नेहमीचे पान उचलणे पुन्हा सुरू होते.

पाळीच्या अखेरीस हातात सातपेक्षा अधिक पाने ठेवता येत नाहीत व जादा पाने बाद होतात. यास्तव हातातील पाने शक्य तितकी खेळून घ्यावीत आणि सातास जितकी कमी पडतील तितकीच विकत घ्यावीत, असा सर्वसाधारण संकेत आहे.

१९९६ चा हंगाम

आयव्हरी टॉवरच्या नेमके उलट काम करणारे ब्लॅक व्हाइस हे पान हातात चारांहून अधिक पाने असणाऱ्या प्रतिस्पर्ध्यास इजा करीत असे. १९९६ मध्ये त्यावर निर्बंध आले आणि हात भरलेला ठेवणे सुरक्षित झाले. त्यामुळे नेक्रोपोटेन्सवर आधारलेल्या गड्ड्या वेगाने वाढल्या. त्याच वर्षी सिॲटल येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मार्क जस्टिस हे अशी गड्डी घेऊन अंतिम सामन्यात पोहोचले. तेथे ऑस्ट्रेलियाच्या टॉम चॅनफेंग यांनी पांढऱ्या रंगाच्या लहान प्राण्यांच्या गड्डीने त्यांचा पराभव केला. त्या गड्डीतील काही प्राण्यांना काळ्या रंगापासून संरक्षण होते.

मर्यादा

थेट हानी करणाऱ्या तांबड्या गड्डीसमोर हे पान जपून वापरावे लागते. लाइटनिंग बोल्ट एका मॅनात तीन जीवनगुण हिरावते. अशा वेळी स्वतः दिलेला प्रत्येक गुण प्रतिस्पर्ध्याचे काम हलके करतो. जीवन खर्च करावे, पण ते कोठे थांबवावे हे समोरच्याची गड्डी पाहून ठरवावे लागते.

निर्बंध

एकेकाळी उपेक्षिलेले हे पान पुढे फार प्रबळ ठरल्यामुळे बंधनात आले. लेगसी या स्पर्धाप्रकारात त्यास बंदी आहे, तर व्हिन्टेज प्रकारात गड्डीत त्याची एकच प्रत ठेवता येते.