लाईट गेली तरी फोन चालू कसा?



डायलचा जुना फोन ज्यांनी वापरला त्यांना आठवत असेल. लाईट गेली, सगळं गाव अंधारात बुडालं, तरी फोनची घंटी खणखणीत वाजायची. "सर, फोनला करंट कुठून येतो?" असं मुलं वर्गात विचारायची. उत्तर टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये होतं. आज तिचीच गोष्ट.

१८५९ साली फ्रान्सच्या गास्तों प्लान्ते यांनी शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडवून, पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी केली. तिचा एक सेल दोन व्होल्टचा. असे चोवीस सेल जोडले की ४८ व्होल्ट होतात, आणि एक्स्चेंज त्यावर चालतं. चार्जर आणि बॅटरी कायम एकत्र जोडलेले. लाईट गेली की बॅटरी तत्क्षणी भार उचलते.

अशी बॅटरी बसवणं हे मोठं निगुतीचं काम. आम्ल सौम्य करताना आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हा नियम आपण शाळेच्या प्रयोगशाळेतही शिकलो. मग सेल भरायचे आणि पहिलं चार्जिंग कित्येक तास सलग चालू ठेवायचं. चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो, म्हणून खोली हवेशीर हवी. शेवटी दहा तासांची कसोटी. ठरलेला प्रवाह घेत राहायचं आणि दर तासाला प्रत्येक सेलचे व्होल्ट व आम्लाची घनता वहीत मांडायची. त्यात उतरली तरच बॅटरी सेवेत रुजू. पुढेही डिस्टिल्ड वॉटर घालायला, वही भरायला माणूस नेमलेला असे.

आता दुसरा अंक. रत्नागिरी जिल्ह्यातला दाभोळ प्रकल्प २००१ साली बंद पडला, विजेची मागणी मात्र वाढतच होती. २००५ नंतर भारनियमनाने खेड्यापाड्यांचे दिवसाचे बारा-बारा तास खाल्ले. पुढे २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी आपल्या शेजारचं परळीचं वीज केंद्रही बंद ठेवावं लागलं. मानवतसारख्या कापसाच्या बाजारगावात इन्व्हर्टर आला तो असा, गरजेपोटी.

थोडं गणित करू. बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. दोन पंखे, दोन ट्यूबलाईट म्हणजे साधारण २३० वॅट. तूट धरून पाच-सहा तास निघतात. शिवाय शंभर भरावेत तेव्हा सत्तर-ऐंशीच परत मिळतात. म्हणजे टंचाईच्या काळात लाईट आली रे आली की घरोघरचे इन्व्हर्टर त्याच तुटीच्या विजेवर तुटून पडायचे! आणि बसवणं? जिन्याखाली बॅटरी ठेवली, दोन वायरी आवळल्या, बटण दाबलं, झालं. ना कसोटी, ना वही.

मला खरी गोष्ट वाटते ती वेगळीच. एक्स्चेंजची बॅटरी गावाची होती. तिच्यावर सावकाराचाही फोन चाले आणि दवाखान्याचाही. इन्व्हर्टरने बॅटरी घरात आणली, पण ज्याला परवडली त्याच्याच घरात. दहावीच्या एकाच बाकावरची दोन पोरं, एक ट्यूबखाली वाचायचं, दुसरं चिमणीच्या उजेडात. बोर्डाचा पेपर मात्र दोघांना एकच.

आता छपरांवर सोलर आलं आहे. पण नुसतं ग्रिडला जोडलेलं सोलर लाईन गेली की आपोआप बंद होतं. तारेवर काम करणाऱ्या लाईनमनच्या जिवासाठी ते गरजेचंच आहे. म्हणजे लाईट गेल्यावर दिवा हवा तर बॅटरी आलीच. मग घरोघरी घेताना एक गावाच्या अभ्यासिकेतही बसवावी, नीट कसोटी घेऊन, वही ठेवून. चिमणीखाली वाचणाऱ्या पोरांचं तेवढं देणं आपल्याकडे बाकी आहे.

असो. तुमच्या गावी भारनियमनात पोरं कुठे अभ्यास करायची, ते जरूर कळवा.