हाक कुणाची?

भाची पुण्यात शिकते. तिच्या हट्टापायी परवा संध्याकाळी एका "भुतांच्या फेरी"ला जाऊन आले. कसबा गणपती, लाल महाल, मग शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा. पंधरा-वीस माणसं, मोबाईलचे दिवे, आणि गोष्ट रंगवून सांगणारा तरुण गाईड. शेवट अर्थातच "काका, मला वाचवा!" पौर्णिमेच्या रात्री नारायणरावांची हाक ऐकू येते म्हणे. आम्ही सगळे कान देऊन उभे राहिलो. ऐकू आल्या त्या रिक्षाच :)

घरी आल्यावर मात्र पुस्तकं काढून बसले.

खून झाला ३० ऑगस्ट १७७३ ला. गणेशोत्सव चालू होता, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. म्हणजे पौर्णिमा अजून यायची होती! आणि वेळ रात्रीची नव्हे, भर दुपारची. थकलेल्या पगाराचा गलका करत गारदी वाड्यात घुसले. नारायणराव पळत काकांकडे, रघुनाथरावांकडे गेले. वय जेमतेम अठरा पूर्ण. पुढे रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून खुद्द रघुनाथरावांना दोषी ठरवलं.

इथवर आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. मी थांबले ती पुढच्या ओळीवर. त्या दुपारी वाड्यात एकूण अकरा माणसं मारली गेली. चापाजी टिळेकर हा सेवक धन्याला वाचवायला अंगावर आडवा पडला आणि तिथेच गेला. इच्छारामपंत ढेरे गेले. दोन दासी गेल्या. एक गायसुद्धा कापली गेली.

नारायणरावांच्या नावाने आजही वाड्याला "नारायण दरवाजा" आहे. १८२८ च्या आगीत आतला वाडा जळून गेला, तरी त्यांची हाक उरली. चापाजीची हाक कुणी ऐकली? त्या दोघी कुणाला हाका मारत होत्या? भूत व्हायलासुद्धा मोठ्या घरात जन्म घ्यावा लागतो की काय!

आमच्या सूर्यमाळच्या बाजूला, जव्हार-मोखाड्यात, बोहाडा होतो. तिथेही रात्र असते, मशाली असतात, अंगावर काटा येईल असे मुखवटे असतात. गणपती येतो, नरसिंह येतो, रावणही येतो. पण प्रत्येक सोंगाचा मान ठरलेल्या घराकडे. मुखवट्याआड कोण नाचतंय हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. म्हणून भीती वाटली तरी ती आपल्या माणसांतली वाटते.

फेरीला जरूर जा, मजा येते. फक्त दिल्ली दरवाजापाशी गोष्ट संपली की गाईडला एवढंच विचारा, "बाकीच्या दहा जणांचं काय?" त्या दोन दासींची नावं कुणाला कुठे वाचल्याची आठवत असतील, तर मला नक्की कळवा.