लांकडाची धूळ आणि सुताराचा श्वास



पालघर सोडून डहाणूकडे निघालेली लोकल बोईसरच्या अलीकडे एका लहानशा स्थानकावर थांबते. त्याचें नांव उमरोळी. पूर्वेस जव्हार-मोखाड्याच्या वाटेवरचें सागाऐनाचें रान, पश्चिमेस सातपाटीचा कोळीवाडा व त्याच्या होड्या, आणि उत्तरेस बोईसर-तारापूरचे कारखाने, अशा तिहींच्या मध्यें हें गांव आहे. रान, होडी आणि यंत्र या तिन्ही गोष्टींशीं ज्याचा संबंध आहे अशा एका क्षुल्लक वाटणाऱ्या पदार्थाचा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे. तो पदार्थ म्हणजे लांकडाची धूळ.

उत्तर कोंकणांत लांकूडकाम जुनें आहे. पोर्तुगीज अमदानींत वसई-आगाशीकडे जहाजें बांधलीं जात. इ. स. १७३६ मध्यें लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले आणि पुढें त्यांच्या घराण्यानें सागाचीं मोठमोठीं जहाजें समुद्रांत सोडलीं. त्यांपैकीं १८१७ सालचें ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि जपून ठेविलेलें आहे. हें सारें काम हातांनीं झालें. वाकसानें ढलपी उडते, रंध्यानें सालपट निघतें, हातकरवतीखालीं जाडसर भुसा पडतो. ढलपी आणि सालपटें चुलींत जात. भुसा पायांशींच बसे. आणि उघड्यावर काम चाले तेथें उरलेली धूळ समुद्राचा वारा घेऊन जाई. त्या सुताराच्या छातीला कांहींच अपाय होत नसेल असें नव्हे. पण धुळीचा बराचसा बंदोबस्त निसर्गच करीत होता.

तो बंदोबस्त यंत्रानें मोडला. १७७७ मध्यें इंग्लंडांत सॅम्युएल मिलर नांवाच्या गृहस्थास गोल करवतीची सनद मिळाली. पुढें वाफ आली, मग वीज आली, आणि सुताराचें काम वाऱ्यावरून छपराखालीं गेलें. गोल करवतीचा दांता लांकूड इतक्या वेगानें कापतो कीं भुशाबरोबर पिठासारखी धूळ उठते. आणि कांचकागदाची चकती फिरूं लागली म्हणजे तर भुसा नाहींसाच होऊन केवळ पीठ उरतें. यंत्रानें कष्ट कमी केले, पण धूळ बारीक केली, हें येथें ध्यानांत ठेवावें.

आतां प्रश्न असा कीं, या धुळीकडे मनुष्याचें लक्ष प्रथम केव्हां गेलें? वैद्यांचें लवकर गेलें. इटालींतील बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यानें १७०० मध्यें कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यांत दळणाऱ्या-भाजणाऱ्यांची आणि पाथरवटांची छाती धुळीनें कशी बिघडते हें सांगितलें, आणि रोग्यास ‘तुझा धंदा कोणता?’ असें वैद्यानें विचारावें असा आग्रह धरिला. परंतु वैद्याच्या सांगण्यावरून कोणीं पंखे बसविले नाहींत. पंखे बसले ते आगीच्या भयानें. १७८५ मध्यें तुरीन शहरांत पिठाच्या कोठारांत धुळीचा स्फोट झाला. २ मे १८७८ रोजीं अमेरिकेंत मिनिआपोलिस येथील वॉशबर्न यांची प्रचंड पिठाची गिरणी अशाच स्फोटानें उडाली आणि १८ माणसें प्राणांस मुकलीं. तेव्हां कोठें गिरणीमालक जागे झाले. गिरणी जळाली ती सर्वांस दिसली. मजुराचीं फुप्फुसें वर्षानुवर्षें झिजत होतीं तीं कोणास दिसलीं नाहींत.

या जागृतीच्या काळांत, १८८५ मध्यें, जॉन फिंच नांवाच्या अमेरिकन गृहस्थास एका साध्या पात्राची सनद मिळाली. त्यास सायक्लोन, म्हणजे चक्रीवात, असें म्हणतात. रचना अगदीं सोपी आहे. वर नळकांडें, खालीं निमुळतें होत गेलेलें नसराळें. धुळीची हवा वरून कडेकडेनें आंत सोडावयाची. ती गरगर फिरूं लागते, जड कण भिंतीकडे फेंकले जातात, भिंतीवरून घसरत खालच्या पिंपांत पडतात, आणि हलकी हवा मधल्या नळीनें वर निघून जाते. ना चाळणी, ना फडकें. लांकडाच्या वखारींनीं हें पात्र उचललें, आणि सॉ मिलच्या छपरावर पत्र्याचा मोठा शंकु दिसूं लागला. इंग्लंडांत जेम्स डायसन यांनीं असाच एक शंकु पाहिला आणि त्यावरूनच १९७० नंतरच्या वर्षांत, ५,१२७ नमुने करून, घरांत झाडण्याचें यंत्र सिद्ध केलें.

पण सायक्लोनच्या हातून एक गोष्ट सुटते, आणि दुर्दैवानें तीच सर्वांत घातक आहे. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपला केंस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनांहून बारीक कण घशाखालीं उतरतात. डोळ्यांस ते दिसतहि नाहींत. एक मायक्रॉनचा कण स्थिर हवेंत माणसाच्या उंचीवरून जमिनीवर येण्यास कित्येक तास लागतात. म्हणजे सायंकाळीं यंत्र बंद करून, केर काढून, आपण ‘झालें स्वच्छ’ म्हणतों, तेव्हां खरी धूळ हवेंतच तरंगत असते.

तिचा पुरावा मिळण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. इंग्लंडांत हाय विकम हें खुर्च्यांसाठीं प्रसिद्ध असलेलें गांव. तेथें एस्मे हॅडफील्ड या नाक-कान-घशाच्या शस्त्रवैद्य बाईंच्या ध्यानांत आलें कीं, नाकाचा एक अत्यंत दुर्मिळ कर्करोग आपल्या रोग्यांत वारंवार आढळतो, आणि ते रोगी लांकडी सामान करणारे आहेत. डोनाल्ड ॲचिसन, मॅकबेथ प्रभृति संशोधकांनीं त्यांच्यासह याची छाननी केली आणि १९६८ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढें १९९५ मध्यें आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें लांकडाची धूळ निश्चित कर्ककारकांच्या यादींत घातली. आपल्या सागाविषयीं एवढें सांगावेसें वाटतें कीं, त्याच्या धुळीनें कित्येकांच्या अंगावर पुरळ उठतें व खाज सुटते. तो इशारा समजावा. रामाझ्झिनीच्या प्रश्नास उत्तर मिळण्यास अशी जवळजवळ तीनशें वर्षें लागलीं.

ही सूक्ष्म धूळ अडविण्याचें साधन मात्र लांकडासाठीं जन्मलेंच नाहीं. १९४० नंतर अमेरिकेच्या अणुबाँबच्या कामांत किरणोत्सारी कण हवेंत जाऊं नयेत म्हणून तंतूंच्या दाट कागदाची गाळणी तयार झाली; तिलाच आज हेपा म्हणतात. ०.३ मायक्रॉनचे १०,००० कण आले तर ती ९,९९७ अडविते. तारापूरचें अणुवीजकेंद्र १९६९ पासून वीज देऊं लागलें. त्याच्या शेजारच्या उमरोळींत एखाद्यानें आपल्या पडवींतील सुतारशाळेस ही गाळणी लाविली, तर अणुयुगाचें एक निरुपद्रवी देणें त्यानें घरीं आणलें असें म्हणावें लागेल.

अशी सुतारशाळा कोणी उभारीत असेल, तर या इतिहासाचा क्रमच त्यानें पाळावा. पहिली गोष्ट, धूळ जन्मतांच धरावी. करवतीच्या मेजाखालीं आणि पात्याच्या वर, दोन्हीकडे तोंड ठेवावें. खोलींत पसरलेली धूळ धरणें म्हणजे उडालेले पांखरूं धरणें होय. दुसरी गोष्ट, नळी. भुसा वाटेंत बसूं नये यासाठीं हवेचा वेग मिनिटास सुमारें ४,००० फूट लागतो. ४ इंची नळींतून या वेगानें मिनिटास सुमारें ३५० घनफूट हवा जाते. मोठ्या यंत्रास ती पुरत नाहीं, तेथें ६ इंची नळी घ्यावी. नळी आंतून गुळगुळीत असावी, वळणें थोडीं व सैल असावींत; पत्र्याची असल्यास जमिनीशीं तारेनें जोडावी, म्हणजे घर्षणाची वीज सांचत नाहीं. तिसरी गोष्ट, सायक्लोन, कीं ज्यामुळें भुसा पिंपांत पडेल व गाळणी लवकर भरणार नाहीं. चौथी, गाळणी. पांचवी, तरंगत्या धुळीसाठीं छताजवळ एक पेटी. २०२० च्या साथींत रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थाल यांनीं चारपांच गाळण्यांची चौकट करून तीवर साधा पंखा बसविला. तशी पेटी कोणीहि सुतार स्वतः करूं शकेल. आणि इतकें करूनहि कांचकागदाच्या कामीं नाकातोंडास घट्ट बसणारा मुखपट्टा बांधावाच.

बाहेर वस्ती लागून नसेल तर सायक्लोनमधील हवा बाहेर सोडणें सर्वांत सोपें. परंतु कोंकणांत चार महिने पावसाळा. खिडक्या लावून घ्याव्या लागतात, दमट धुळीनें गाळणीचें कापड लिंपून जातें, आणि ज्या वाऱ्यानें आगाशीच्या सुताराचें रक्षण केलें तो दाराबाहेरच राहतो. म्हणून आपल्याकडे गाळणीची निगा हीच खरी कसोटी आहे.

शेवटीं एक गोष्ट. आपल्या देशाच्या १९४८ च्या कारखाना-कायद्यांतील १४ व्या कलमांत असें सांगितलेलें होतें कीं, धूळ जेथें उत्पन्न होते तेथेंच, शक्य तितक्या जवळ, ती ओढून घ्यावी. तत्त्व उत्तम होतें. पण तो कायदा साधारणपणें विजेवर चालणाऱ्या कारखान्यांत १० कामगार असले तरच लागू होई. पुढें कायदे बदलले; पडवींत एकटा राबणारा सुतार मात्र त्यांच्या बाहेरच राहिला. त्याच्याकडे तपासनीस येत नाहीं. आणि त्याच पडवींत त्याचीं मुलें खेळतात, घरची मंडळी धान्य निवडीत बसते.

गिरणी पेटली म्हणून मालक जागा झाला, हें आपण ऐकलें. घरच्या सुतारशाळेंत मालक, मजूर आणि तपासनीस एकच मनुष्य असतो. त्यानें आगीची वाट पाहूं नये.