‘हनु’ शब्दाचा अर्थ आणि अंजनेरीची जन्मकथा

नासिकहून त्र्यंबकेश्वरास जाताना सुमारे वीस किलोमीटरवर अंजनेरीचा डोंगर लागतो. स्थानिक परंपरेप्रमाणे हे हनुमंताचे जन्मस्थान होय. २०२१ साली तिरुमलच्या देवस्थानाने हाच मान तेथील अंजनाद्रीस असल्याचे जाहीर केले. आनेगुंदीच्या अंजनाद्रीचा दावाही जुनाच आहे. मे २०२२ मध्ये या प्रश्नावर नासिक येथे शास्त्रार्थ भरला. या वादात ‘हनुमान’ या नामाची व्युत्पत्ती नेहमी पुढे केली जाते. म्हणून मूळ शब्द तपासणे अगत्याचे आहे.

आजचा मराठी वाचक ‘हनु’ म्हणजे हनुवटी असे सहज समजतो. हा अर्थसंकोच होय. ऋग्वेदापासून हा शब्द संपूर्ण जबड्याचा वाचक आहे. चरकसंहितेच्या अस्थिगणनेत हनूचे अस्थी एक असून तिची मूलबंधने दोन आहेत. सुश्रुतसंहितेत मात्र हनूचे अस्थी दोन धरले आहेत. हा भेद केवळ मोजणीचा घोळ मानण्याचे कारण नाही. खालच्या जबड्याचे अस्थी जन्मकाळी दोन अर्धांचे असते आणि पहिल्या वर्षात ते अर्ध सांधले जातात. ‘हनुग्रह’ या रोगनामातही जबडाच अभिप्रेत आहे. मराठीत त्यास दातखीळ म्हणतात. मराठीने हाडास ‘जबडा’ हा निराळा शब्द योजला आणि ‘हनु’ हनुवटीपुरता उरला. सगोत्र भाषांतही अर्थ असाच सरकला आहे: ग्रीक ‘गेनुस’ म्हणजे जबडा, लॅटिन ‘गेना’ म्हणजे गाल, तर इंग्रजी ‘चिन’ म्हणजे हनुवटी.

वाल्मीकिरामायणाच्या किष्किंधाकांडात जांबवान जन्मकथा सांगतो. सूर्याकडे झेपावलेला बालक इंद्राच्या वज्राने पर्वतशिखरावर पडला, त्याची डावी हनु भंगली आणि त्यावरून नाव पडले. येथे ‘डावी’ हे विशेषण निर्णायक आहे. जबड्यास डावी-उजवी बाजू असते. हनुवटी मध्यावर एकच. मात्र ‘हनुमत्’ या रूपात भंगाचा अर्थ मुळीच नाही. मतुप् प्रत्यय स्वामित्व दाखवितो, फार तर विपुलता वा प्रशंसा. ज्याचा जबडा ठसठशीत तो हनुमान, एवढेच व्याकरण सांगते. वानरास ते शोभतेही. तेव्हा नाम आधीचे आणि वज्राची कथा त्याच्या स्पष्टीकरणार्थ मागून आली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

नासिकच्या नावाबाबतही असेच घडलेले दिसते. शूर्पणखेच्या नासिकाच्छेदावरून नाव पडले असे सर्वत्र सांगतात. परंतु पतंजलीच्या महाभाष्यात ‘नासिक्य’ हे नगरनाम केवळ शब्दसिद्धीचे उदाहरण म्हणून येते, आणि पांडवलेण्यातील सातवाहन राजा कृष्णाच्या काळच्या लेखात नासिकचा उल्लेख आहे. दोहोंत त्या कथेचा मागमूस नाही.

अंजनेरीस स्वतंत्र ऐतिहासिक महत्त्व आहे. शके १०६३ चा यादव सेऊणचंद्राचा शिलालेख तेथील जैन मंदिरात असून त्यात चंद्रप्रभ तीर्थंकराच्या मंदिरास दिलेल्या दानाची नोंद आहे. जन्मस्थानाचा निर्णय मात्र ‘हनु’ शब्दावरून होणे नाही. तो शब्द शरीराचा अवयव दाखवितो. पर्वत कोणता, हे सांगत नाही.