व्हिडिओसाठी कॅमेरा : फुल फ्रेम की क्रॉप सेन्सर?

पावसाळा सुरू झाला की लोणावळा-खंडाळ्याच्या घाटात आणि मावळातील गडवाटांवर कॅमेरे घेऊन निघालेल्यांची गर्दी वाढते. त्यांतील अनेकांना आता छायाचित्रापेक्षा व्हिडिओच हवा असतो. लोणावळ्याच्या रिसॉर्टमधील लग्नांचे चित्रीकरण करणारे व्यावसायिक, किल्ल्यांवर माहितीपट करू पाहणारे हौशी तरुण, कामशेतला पॅराग्लायडरचा माग काढणारे, अशा सर्वांपुढे नवा कॅमेरा घेताना एकच प्रश्न उभा राहतो. फुल फ्रेम घ्यावा की क्रॉप सेन्सर? दोहोंच्या किमतींतील अंतर मोठे असते आणि लेन्सचा खर्च त्यावर वेगळा. हप्त्यांवर साहित्य घेणाऱ्या छोट्या व्यावसायिकाच्या दृष्टीने चुकीचा निर्णय म्हणजे लग्नसराईच्या एका मोसमाची कमाई अडकणे होय.

फुल फ्रेम सेन्सरचा आकार ३६ बाय २४ मिलिमीटर असतो. क्रॉप, अर्थात एपीएस-सी सेन्सर सोनी, निकॉन व फुजीफिल्मच्या कॅमेऱ्यांत साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, तर कॅननमध्ये त्याहून किंचित लहान असतो. क्षेत्रफळाचा विचार केला तर फुल फ्रेम सुमारे २.३६ पट मोठा भरतो. एकच लेन्स दोन्हींवर लावली तर क्रॉप सेन्सरवर दृश्य दीडपट जवळ आल्यासारखे दिसते, कॅननमध्ये १.६ पट.

'फुल' आणि 'क्रॉप' या शब्दांमुळे मात्र एक गैरसमज रूढ झाला आहे. एक पूर्ण आणि दुसरा कापलेला, म्हणजे उणा, असे ग्राहकास वाटते. वस्तुतः ३६ बाय २४ ही चौकट सिनेमाची नव्हेच, ती स्थिर छायाचित्रणाची आहे. जर्मनीत ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाचीच ३५ मिलिमीटर फिल्म आडवी सरकवून छोटा कॅमेरा तयार केला. तोच पुढे १९२५ मध्ये 'लायका' म्हणून बाजारात आला. फिल्म आडवी असल्याने एका चित्राला तिच्या काठावरील आठ छिद्रांइतकी लांबी मिळाली. सिनेमाच्या कॅमेऱ्यात तीच फिल्म उभी सरकते आणि एका चौकटीला चारच छिद्रे मिळतात. दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' असो वा १९३३ पासून पुण्यात निघालेले प्रभातचे चित्रपट, ते ३५ मिलिमीटर फिल्मच्या या लहान चौकटीतच घडले. पुढे प्रचारात आलेल्या 'सुपर ३५' चौकटीची रुंदी २५ मिलिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे जवळजवळ आजच्या क्रॉप सेन्सरएवढी. २०१० मध्ये आलेल्या आणि जगभरच्या चित्रपटसृष्टीने उचलून धरलेल्या ॲरी अलेक्सा कॅमेऱ्याचा सेन्सरही याच मापाच्या जवळचा होता. मोठ्या पडद्याची म्हणून जी दृश्यभाषा प्रेक्षकांच्या डोळ्यांत मुरली आहे, ती प्रामुख्याने या मापाची आहे.

तरीही फुल फ्रेमचे आकर्षण निर्माण झाले, त्याला २००८ हे वर्ष कारणीभूत ठरले. व्हिडिओ घेऊ शकणारा पहिला डीएसएलआर निकॉन डी९० हा क्रॉप सेन्सरचा होता. पण पाठोपाठ जाहीर झालेल्या कॅनन ५डी मार्क २ ने फुल एचडी व्हिडिओ आणि धूसर पार्श्वभूमी यांचा असा मेळ घातला की लग्नाच्या चित्रीकरणाची रीतच बदलून गेली.

खरा फरक पडतो तो अंधारात, आणि छायाचित्रापेक्षा व्हिडिओत तो अधिक जाणवतो. स्थिर चित्र घेताना शटर कितीही सेकंद उघडे ठेवता येते. व्हिडिओत तशी सोय नाही. सेकंदाला २५ चौकटी घेताना शटर १/५० सेकंदाच्या आसपास ठेवण्याचा प्रघात आहे. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने दिव्यांचे लुकलुकणे टाळण्यासही तोच वेग सोयीचा पडतो. प्रकाश वाढविण्याचा हा मार्ग असा बंद झाला की भिस्त लेन्स आणि सेन्सरवर येते. राजमाचीच्या रानात मे-जूनच्या संधिकाळात लखलखणारे काजवे हे याचे चांगले उदाहरण. काजव्यांनी भरून गेलेल्या झाडांची जी छायाचित्रे प्रसिद्ध होतात, ती बहुधा अनेक सेकंदांच्या अनेक चित्रांची थप्पी लावून केलेली असतात. व्हिडिओला ही युक्ती उपलब्ध नाही. टॉर्च वा फ्लॅश वापरल्यास काजव्यांच्या मीलनातच व्यत्यय येतो.

येथे सोनीच्या दोन कॅमेऱ्यांची तुलना उद्बोधक ठरेल. २०२१ चा एफएक्स३ फुल फ्रेम, तर २०२२ चा एफएक्स३० क्रॉप सेन्सरचा. बाह्य ढाचा जवळजवळ एकच. लॉग पद्धतीने चित्रीकरण करताना दोन्हींची पहिली मूळ आयएसओ पातळी ८०० आहे. दुसरी पातळी मात्र एफएक्स३० मध्ये २,५०० आणि एफएक्स३ मध्ये १२,८०० आहे. अमेरिकेत त्यांच्या किमती प्रथम जाहीर झाल्या तेव्हा त्या अनुक्रमे सुमारे १,८०० व ३,९०० डॉलर होत्या. हे अंतर बरेचसे अंधाराचेच मोल म्हणावे लागेल. अर्थात एफएक्स३ चा सेन्सर केवळ १२ मेगापिक्सेलच्या आसपासचा, मुद्दाम व्हिडिओसाठी घडविलेला आहे. प्रत्येक फुल फ्रेम कॅमेरा अंधारात तसाच चालेल, असे मानू नये.

रात्रीच्या संगीत कार्यक्रमात वा मंद रोषणाईच्या लॉनवर फुल फ्रेमचा हा लाभ पदरात पडतो. मुहूर्ताच्या वेळी मात्र तोच अंगाशी येऊ शकतो. दृश्याची चौकट आणि लेन्सचा एफ-आकडा तोच ठेवला तर फुल फ्रेमवर स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली कमी होते. अंतरपाट दूर होतो त्या क्षणी वधू स्पष्ट आणि वर धूसर आला, तर तो क्षण पुन्हा घेता येत नाही. क्रॉप सेन्सरवर अशा प्रसंगी दोन्ही चेहरे सांभाळणे सोपे जाते.

कार्ल्याचे चैत्यगृह हा वेगळा पेच आहे. सुमारे १२४ फूट लांबीचे, ३७ स्तंभांचे हे दालन एका चौकटीत सामावायचे तर अतिविस्तृत लेन्स लागते. फुल फ्रेमवर १६ मिलिमीटरची लेन्स जे दाखविते, त्यासाठी क्रॉपवर १० ते ११ मिलिमीटरची घ्यावी लागेल. ती मिळते, परंतु असलेली जुनी २४ मिलिमीटरची लेन्स येथे ३६ सारखी वागून निराशा करते. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित लेण्यांत ट्रायपॉड लावण्यास पूर्वपरवानगी लागत असल्याने कॅमेरा हातातच धरावा लागतो. तेव्हा सेन्सरच्या आकाराइतकेच कॅमेऱ्यातील कंपनरोधक यंत्रणेला महत्त्व येते. लेणे पश्चिमाभिमुख आहे. दुपारनंतर चैत्यगवाक्षातून ऊन आत उतरते, त्या वेळी गेल्यास सेन्सरचा वाद बराचसा मिटतो!

२०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठा लष्करी स्थळांत लोहगड आहे, आणि तेथील पायऱ्या चढताना वजनाचा विषय पुस्तकी राहत नाही. कॅमेऱ्यांच्या वजनांत फारसा फरक नसतो; तो लेन्समध्ये असतो. सोनीची २४-७० एफ/२.८ ही दुसऱ्या आवृत्तीची लेन्स सुमारे ७०० ग्रॅमची, तर सिग्माची क्रॉपसाठीची १८-५० एफ/२.८ सुमारे २९० ग्रॅमची आहे. पहिलीला ८२ मिलिमीटरचा फिल्टर लागतो, दुसरीला ५५ चा. उन्हात १/५० शटर राखण्यासाठी एनडी फिल्टर अपरिहार्य असल्याने हाही खर्च मोजावा. मात्र ही तुलना पूर्णतः समन्यायी नाही. क्रॉपवर फुल फ्रेमइतकाच प्रकाश गोळा करायचा तर सिग्माच्या १८-३५ एफ/१.८ सारखी लेन्स घ्यावी लागते, आणि तिचे वजन ८०० ग्रॅमच्या वर जाते. हलकेपणा मिळतो तो थोडा प्रकाश सोडून दिल्यामुळे.

कामशेतला दूरच्या पॅराग्लायडरसाठी क्रॉप सरस ठरतो. २०० मिलिमीटरची लेन्स तेथे ३०० सारखी दिसते.

खरेदीपूर्वी सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे कॅमेरा व्हिडिओ घेताना सेन्सरचा नेमका किती भाग वापरतो. २०१८ चा कॅनन ईओएस आर फुल फ्रेम म्हणून विकला गेला. पण ४के चित्रीकरणात तो मधला भागच वापरत असे आणि दृश्य पावणेदोन पटींच्या आसपास आक्रसत असे. सोनीचा २०२१ चा ए७-४ सेकंदाला ६० चौकटींचे ४के केवळ सुपर ३५ भागातूनच देतो. म्हणजे फुल फ्रेमचे पैसे मोजून संथगती दृश्ये क्रॉपमध्येच घ्यायची. उलट सोनीचा झेडव्ही-ई१० हा क्रॉप कॅमेराही ३० चौकटींच्या ४के मध्ये आणखी १.२३ पट कापतो. ही माहिती पुस्तिकेत तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत असते. तीच आधी वाचावी. बोरघाटात रेल्वेच्या खिडकीतून चित्रीकरण करताना विजेचे खांब तिरके दिसतात, तो दोष सेन्सर वाचण्याच्या वेगाचा आहे. आकाराने लहान म्हणून तो आपोआप टळत नाही.

गड, लेणी, धबधबे, दिवसाची लग्ने एवढे काम असेल तर क्रॉप कॅमेरा घेऊन उरलेल्या रकमेत एक वेगवान लेन्स, माइक आणि दिवा घेणे अधिक शहाणपणाचे. श्रोता धूसर पार्श्वभूमीवाचून राहतो, पण मंगलाष्टके ऐकू आली नाहीत तर तक्रार करतो. निम्म्याहून अधिक काम रात्रीचे असल्यास फुल फ्रेमचा खर्च वसूल होऊ शकतो. वर्षातून दोन-चार रात्रींचीच गरज असेल, तर पुण्या-मुंबईत कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात. पुढे कधी फुल फ्रेमकडे वळण्याचा विचार असल्यास त्याच माउंटच्या फुल फ्रेम लेन्स आतापासून घेता येतील. क्रॉपच्या लेन्स मात्र फुल फ्रेम कॅमेऱ्यावर लावल्या की त्या मोठ्या सेन्सरचा मधला तुकडाच उपयोगात येतो.