स्वतःच्या पत्राचा कादंबरीकार : हरिभाऊ आपटे आणि ‘करमणूक’

‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी आज ग्रंथालयाच्या कपाटात एका बांधीव ग्रंथाच्या रूपाने उभी असते. तिच्या पहिल्या वाचकांना मात्र ती अशी एकसंध लाभली नव्हती. १८९० पासून १८९३ पर्यंत एका साप्ताहिक पत्रातून थोडी थोडी करून ती त्यांच्या हाती पडत गेली. त्या पत्राचे नाव ‘करमणूक’, आणि त्याचे संस्थापक व संपादक होते स्वतः कादंबरीकार हरि नारायण आपटे. लेखक आपणच आपल्या कथेचा प्रकाशक झाला म्हणजे त्याला काय लाभते आणि त्याची किंमत कोणती मोजावी लागते, याचे इतके बोलके उदाहरण मराठी कथावाङ्मयात क्वचितच सापडेल.

मराठी कादंबरीचा आरंभ पाहू जाता या सीमाभागाचा तिच्याशी जुना ऋणानुबंध दिसतो. विधवांच्या दुःस्थितीवर लिहिलेले ‘यमुनापर्यटन’ (१८५७) बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींचे. पुढे लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) व रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांनी अद्भुतरम्य कथांची आवड रूढ केली. बेळगावजवळच्या जांबोटीचे रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनी १८६७ साली सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकाचे संपादन केले आणि त्याच मासिकाच्या आधाराने ‘मोचनगड’ (१८७१) ही ऐतिहासिक कादंबरी मराठीला दिली. त्या काळी ग्रंथ छापावयाचा तर धनिकाचा आश्रय, सरकारी उत्तेजन किंवा आगाऊ वर्गणीदार यांवाचून गत्यंतर नसे. संपादकाचे आसन लेखकाच्याच हाती असले तर कादंबरीला वेगळी वाट मिळू शकते, हे गुंजीकरांच्या उदाहरणाने दिसून आले होते. त्या वाटेचा राजमार्ग केला तो हरिभाऊंनी.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. शिक्षण मुंबईस व पुण्यास झाले. न्यू इंग्लिश स्कूलच्या वातावरणात त्यांची वाङ्मयीन जाण घडली. महाविद्यालयात त्यांनी पाऊल टाकले खरे, पण पदवी त्यांच्या पदरात पडली नाही. इंग्रजी कादंबऱ्यांचे वाचन मात्र अफाट होते. १८८५ साली त्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ ‘पुणे वैभव’ पत्रातून प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यावर इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स याची छाया होती. दुसऱ्याच्या पत्रात लिहिताना लेखक हा अखेर पाहुणाच असतो. जागा किती द्यावयाची, कथा कोठे थांबवावयाची, कोणता विषय वाचकांस मानवेल, हे ठरविण्याचा अधिकार यजमानाचा. ऑक्टोबर १८९० मध्ये हरिभाऊंनी ‘करमणूक’ काढली, तेव्हा हा अधिकार त्यांनी आपल्याकडे घेतला.

पुण्यात तेव्हा ‘केसरी’ व ‘सुधारक’ ही दोन पत्रे राजकीय व सामाजिक वादांनी गाजत होती. ती प्रामुख्याने निबंधांची पत्रे होती. ‘करमणुकी’ने कुटुंबातील सर्वांनी, विशेषतः स्त्रियांनी व मुलांनी, वाचावे असे मनोरंजक व बोधप्रद साहित्य द्यावयाचे ठरविले. वादापेक्षा कथेच्या द्वारे मनात शिरण्याचा हा मार्ग होता. गोष्टी, चरित्रे, कविता, शास्त्रीय माहिती अशी विविध सामग्री त्यात असे, आणि तिचा मोठा भार संपादकाच्याच लेखणीवर पडे.

या स्वातंत्र्याचे पहिले आणि सर्वांत मोठे फळ म्हणजे यमूची कहाणी. पुण्यातील एका ब्राह्मण कुटुंबातील मुलगी आपली हकीकत आपल्याच तोंडाने सांगते आहे, अशी या कादंबरीची मांडणी आहे. माहेरचा जाच, सासरचा धाक, समंजस पतीच्या सहवासातील मुंबईचे थोडे सुखाचे दिवस, अकाली वैधव्य आणि शेवटी शंकरमामंजींच्या घरात बळजबरीने झालेले केशवपन, हा सारा प्रवास वाचकाने तिच्या शेजारी बसून ऐकावा तसा उलगडतो. ती प्रसिद्ध होत असतानाच संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात रण माजले होते, आणि मार्च १८९१ मध्ये तो कायदा संमत झाला. अशा ऐन वादळात विधवेच्या यातनांची कथा आठवड्यामागून आठवडे, वर्षानुवर्षे चालू ठेवावयाची तर ती छापणाऱ्याचे मन डळमळता कामा नये. येथे छापणारा आणि लिहिणारा एकच होता. त्यामुळे कथेला धक्का लागला नाही. बाबा पदमनजींच्या नायिकेचे नावही यमुनाच. त्या यमुनेच्या प्रवासात विधवांच्या कहाण्या वाचकाच्या कानी येतात, ही यमुना स्वतःचीच कहाणी सांगते. तेहतीस वर्षांत मराठी कादंबरीने किती मजल मारली, ते या दोन नावांच्या अंतरात कळते.

पुढे ‘मी’ (१८९३-९५) ही समाजकार्याला वाहून घेणाऱ्या तरुणाची आत्मकथा, शिवकालावरील ‘उषःकाल’ (१८९५-९७), ‘गड आला पण सिंह गेला’ (१९०३) आणि विजयनगरच्या विनाशावरील ‘वज्राघात’ (१९१३-१५) अशी मोठी रांग लागली. ‘काळ तर मोठा कठीण आला’ या कथेत दुष्काळात होरपळलेल्या माणसांचे दुःख आले. आजच्या मराठी लघुकथेचा उगम ज्या ‘स्फुट गोष्टीं’पाशी शोधला जातो, त्यांचे घरही ‘करमणूक’च.

मात्र या स्वायत्ततेचे मोलही जबर होते. साप्ताहिकाला अंक चुकविता येत नाही. लेखकाला सुचो वा न सुचो, छापखान्यास मजकूर द्यावाच लागे. मागील प्रकरण छापून वाचकांच्या घरी पोहोचलेले असल्याने ते मागे घेऊन सुधारण्याची सोय नव्हती. एका कादंबरीचे प्रकरण लिहून होते न होते तोच दुसरीचे हाती घ्यावे लागे, कारण सामाजिक व ऐतिहासिक अशा दोन कथा एकाच वेळी चालू असत. हरिभाऊंच्या कादंबऱ्यांतील पाल्हाळ, वाचकाशी मध्येच सुरू होणारे संभाषण, कथेची सैल वीण, या टीकाकारांनी वारंवार दाखविलेल्या दोषांचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे. त्याहून मोठी हानी अपुऱ्या कृतींची. ‘गणपतराव’ पूर्वीच अर्धवट राहिली होती. पुढे ‘कालकूट’ आणि ‘कर्मयोग’ यांनाही शेवट लाभला नाही. हात धरून लेखन पुरे करवून घेणारा दुसरा कोणी प्रकाशक तेथे नव्हता. जो अधिकार यमूच्या कथेला तारक ठरला, तोच येथे उणा पडला.

शिवाय केवळ लेखणीवर चरितार्थ चालण्याचा तो काळ नव्हता. वर्गणी थकणे ही त्या वेळच्या नियतकालिकांची नित्याची व्यथा होती. हरिभाऊंचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी १८८८ साली प्राचीन संस्कृत ग्रंथांच्या रक्षणासाठी व प्रकाशनासाठी आनंदाश्रम ही संस्था स्थापिली. तिच्या व्यवस्थेची जबाबदारी हरिभाऊंनी आयुष्यभर वाहिली. पुणे नगरपालिकेचे काम, स्त्रीशिक्षणाची चळवळ, नामदार गोखले यांच्याशी असलेला स्नेह आणि त्यातून आलेली सार्वजनिक कर्तव्ये, हा सारा व्याप सांभाळून उरलेल्या वेळात त्यांच्या कादंबऱ्या लिहिल्या गेल्या.

स्वतःपुरते पत्र मिळाले म्हणून ते स्वतःतच रमले नाहीत, हेही नमूद करणे अगत्याचे आहे. केशवसुतांच्या नव्या वळणाच्या कवितेला ‘करमणुकी’ने जागा दिली. १९०५ साली कवी अकाली निवर्तल्यावर त्यांच्या विखुरलेल्या कविता ग्रंथरूपाने वाचकांसमोर आणण्याची खटपट हरिभाऊंनीच केली.

१८९५ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिक सुरू केले आणि १९०९ मध्ये त्याचा दिवाळी अंक काढला. लेखक, संपादक व प्रकाशक या भूमिका हळूहळू वेगळ्या झाल्या. कादंबरीकाराला छापखान्याची चिंता उरली नाही. पण आपल्या कथेवरचा संपूर्ण अधिकारही उरला नाही. १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद हरिभाऊंना मिळाले. पाव शतकाहून अधिक काळ ‘करमणूक’ चालवून ३ मार्च १९१९ रोजी ते दिवंगत झाले.

साप्ताहिकाच्या अंकाचे आयुष्य एरवी आठ दिवसांचे. घरी आलेला अंक वाचून झाला की रद्दीत जातो. जो अंक कोणी जपला, बांधून घेतला, फळीवर क्रमाने लावला, तोच टिकला. आणि हे काम गावोगावच्या ग्रंथालयांनी मुकाट्याने केले. आपल्या कथेचा मालक होऊ पाहणाऱ्या लेखकाच्या धडपडीला अशा कपाटांनी दीर्घायुष्य दिले. त्या कपाटांत यमूच्या पुऱ्या कहाणीशेजारी ‘कर्मयोग’ची अपुरी पानेही आहेत. दोन्ही एकत्र वाचली, तर त्या स्वातंत्र्याचे फळ आणि त्याचे मोल एकाच वेळी हाती लागते.